वाकड्या फुलांची वही

उमलल्या दिवशी फुलाला नावे ठेवू नयेत. फॅलेनॉप्सिसची कळी फुटते तेव्हा पाकळ्या चुरगळलेल्याच असतात. त्या ताणून सपाट व्हायला आणि रंग भरायला काही दिवस जातात. कॅटलियाला दोन-तीन दिवस तरी द्यावेत. "काकू, हे काय झालंय हो?" म्हणून मला जे फोटो येतात त्यातले कितीतरी या अर्धवट उमललेल्या फुलांचे असतात, सोबत रडका चेहरा. माझे उत्तर ठरलेले: रविवारी पुन्हा फोटो पाठवा. बहुतेक वेळा रविवारी फोटो येत नाही, याचा अर्थ फूल सरळ झाले.

⁂

फूल ही शिळी बातमी असते. फॅलेनॉप्सिसचा दांडा पानाच्या बगलेतून डोकावल्यापासून पहिले फूल उमलेपर्यंत साधारण तीन महिने जातात. पाकळीचा आकार ठरतो तो कळी मोहरीएवढी असताना किंवा त्याही आधी. म्हणजे आज वाकडे दिसणारे फूल काही आठवड्यांपूर्वी घडलेली गोष्ट सांगत असते आणि ती गोष्ट घडवणारा बहुधा पसार झालेला असतो. म्हणून भिंग घेऊन फुलावर वाकण्याआधी माणसाला विचारावे. कुंडी कुठून कुठे हलवली? घरात रंगकाम झाले का? फवारणी कशाची केली? सुट्टीत गावाला गेला होतात तेव्हा पाणी कोण घालत होते? या शेवटच्या प्रश्नाला नवरा-बायकोची उत्तरे हमखास वेगळी येतात.

⁂

निदान करताना मी चार गोष्टी पाहते. एकच फूल बिघडले की दांड्यावरची सगळी? दोन्ही बाजू सारख्या बिघडल्या की एकच? गेल्या मोसमात काय झाले होते? आणि शेजारच्या कुंडीत काय चालले आहे? एकच फूल, एकच बाजू: कळीला काहीतरी लागले किंवा कुणीतरी चावले. सगळा दांडा बिघडला, पण शेजारची झाडे ठीक: त्या झाडाच्या मुळांकडे बघा. सगळी गॅलरीच बिघडली: हवा, पाणी, औषध. दरवर्षी, प्रत्येक फुलात, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी: मग ते झाडाच्या जनुकांतच आहे, तुम्ही काही केलेले नाही.

या नियमाला गोगलगाय अपवाद आहे. खाली वाचा.

⁂

ऑर्किडच्या कळीत ओठ वरच्या बाजूला असतो. ओठ म्हणजे तिसरी, वेगळी नटलेली पाकळी. वाढवणारे सरळ 'लिप' म्हणतात. उमलण्याआधी कळीचा देठ पिळला जातो, कळी 180 अंशांत फिरते आणि ओठ खाली येतो. परागण करायला येणाऱ्या किड्याला बसायला ती जागा. हे फिरणे कळी गुरुत्वाकर्षणाच्या अंदाजाने करते. आता ऐन कळ्यांच्या दिवसांत तुम्ही दांडा आडवा बांधलात, नाहीतर 'सगळ्या बाजूंनी ऊन मिळू दे' म्हणून रोज कुंडी फिरवलीत, की कळ्यांचा गोंधळ उडतो. एक फूल छताकडे, एक भिंतीकडे, एक तिरके. लोक याला रोग समजतात. दांडा निघाला की कुंडीला खडूने खूण करावी आणि ती खूण फुले उमलेपर्यंत एकाच दिशेला ठेवावी, एवढाच उपाय.

⁂

ओठ वर असलेले प्रत्येक फूल मात्र चुकलेले नसते. कास पठारावर पावसाळ्यात गुलाबी तुऱ्यांचे सॅटिरियम नेपालेन्स दिसते. त्याचा ओठ वरच असतो, मागे दोन शेपट्या. त्या फुलाने वळायचेच नाही असे ठरवलेले आहे. तसेच प्रॉस्थेकिया कॉक्लिएटा, बेलीझ देशाचे राष्ट्रीय फूल: शंखाच्या आकाराचा काळसर ओठ वर आणि बाकीच्या पाकळ्या खाली लोंबणाऱ्या. हे झाड हल्ली इकडच्या हौशी लोकांकडेही असते आणि पहिल्या बहराला 'उलटे फूल आले' म्हणून फोन येतो. झाड घेताना नाव विचारून घ्यावे, म्हणजे असे फोन करावे लागत नाहीत.

⁂

मिजमाशी. हिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या गॅलऱ्यांत तिला ओळखणारे कमी आणि तिच्या नावाने वाया जाणारी औषधे फार.

डेंड्रोबियमच्या कळ्या फुगीर, ठेंगण्या, मध्येच वाकलेल्या दिसतात, पिवळ्या पडतात, गळतात. ज्या उमलतात त्यांच्या पाकळ्या गुंडाळलेल्या, तपकिरी कडांच्या. मालक म्हणतो उन्हाळा बाधला. गळलेली कळी नखाने उभी चिरून पाहावी. आत ओलसर पांढुरक्या-पिवळ्या अळ्या वळवळत असतील तर उन्हाचा काही संबंध नाही. ही कॉन्टॅरिनिया मॅक्युलिपेनिस, ज्वारीवर येणाऱ्या मिजमाशीच्या कुळातली. माशी डासाहून बारीक. ती कळीच्या टोकाशी अंडी घालते. दिवसभरात अळ्या बाहेर पडून कळीत शिरतात, आठवडाभर आतला रस पितात, मग उडी मारून कुंडीत पडतात आणि तिथे कोष करतात. अंड्यापासून माशीपर्यंत सगळा खेळ तीन-चार आठवड्यांत आटोपतो. माशी स्वतः जेमतेम चार दिवस जगते.

यातून दोन गोष्टी निघतात. बाहेरून मारलेले औषध कळीच्या आत पोचत नाही. आणि गळलेली कळी कुंडीतच राहू दिली तर पुढची पिढी आपण स्वतः पाळली असे होते. संशयित कळ्या खुडाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि कचऱ्यात टाकाव्यात. खतात घालू नयेत.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. या माशीला ऑर्किडच हवे असा हट्ट नाही. मोगरा चालतो, जास्वंद चालते, चाफा, टोमॅटो, वांगे, कारलेसुद्धा. हवाई बेटांवर ती डेंड्रोबियमची मोठी शत्रू ठरली. तमिळनाडूत मोगऱ्याचे मळेवाले तिच्यामुळे हैराण असतात. पुण्यातल्या गॅलरीत डेंड्रोच्या शेजारी मोगरा नाही असे घर दाखवा. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन गळत असतील तर त्या आधी उचला. ऑर्किडचा आजार अनेकदा मोगऱ्याच्या कुंडीत असतो.

⁂

दांड्यावर गोड चिकट थेंब आणि त्यावर मुंग्या: काळजी नको, तो झाडाचा स्वतःचा मधुरस आहे. पानांच्या खाली, कापसासारखे काही दिसत असेल आणि मग चिकटपणा असेल तर तो पिठ्या ढेकूण, आणि मुंग्या त्याचे राखणदार. पुसून बघितले की कळते.

⁂

फुलकिडे. मार्च ते मे, कोरडी हवा, हेच दिवस. पाकळ्यांच्या कडा वाळक्या, मधे चंदेरी ओरखडे, कळ्या टोकाशी चिकटलेल्या. फुलाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर बारीक रेघा पळू लागल्या तर निदान झाले. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी कागदाऐवजी हातातल्या शब्दकोड्यावर टिचकी मारली आणि काही नाही म्हणाले. काळ्या चौकोनांवर फुलकिडे दिसत नाहीत, हे त्यांना नंतर पटले.

⁂

गोगलगाय आणि शेंबडी. पावसाळ्यात रात्री कळीचे टोक कुरतडतात. कळीत पाकळ्या एकमेकींवर घडी घालून असतात, त्यामुळे एका चाव्यातून फूल उमलल्यावर दोन-तीन पाकळ्यांना जुळती भोके पडलेली दिसतात. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून अनुभवी माणूसही 'जनुकांत आहे' म्हणून मोकळा होतो. जनुकांतल्या दोषाला कुरतडलेली कड नसते. रात्री टॉर्च घेऊन कुंडीखाली बघावे.

⁂

मेमधली अढी. देवगडहून पेट्या येतात, पेंढ्यात आंबे घालून खोली बंद करतात, आणि त्याच खोलीत, उन्हापासून वाचावे म्हणून, ऑर्किड आणून ठेवतात. दोन दिवसांत कळ्या पिवळ्या, उमललेली फुले मिटलेली, पाकळ्या कागदी. पिकणारा आंबा इथिलीन सोडतो. आंब्याला पिकवणारा तोच वायू फुलाला म्हातारे करतो. केळ्यांचा घड, गॅसची गळती, धुराने कोंडलेली देवघराची खोली यांनीही हेच होते. 1901 मध्ये रशियन विद्यार्थी नेल्यूबोव्हने दाखवून दिले की दिव्याच्या गॅसमधले इथिलीनच प्रयोगशाळेतल्या वाटाण्याच्या रोपांना वाकडे करत होते. कॅटलिया वाढवणाऱ्या व्यावसायिकांना विसाव्या शतकात 'सुकी निदले' या नावाने तोच अनुभव आला: बाहेरच्या तीन पाकळ्यांची टोके उमलता उमलताच वाळलेली, आतले सगळे ठीक.

या फुलांना खुडून टाकण्यापलीकडे काही करता येत नाही. आंबे हलवावेत. ऑर्किड हलवले तरी चालेल, पण घरात कोण जास्त बोलते त्यावर ते ठरते.

एक पोटटीप: परागण झालेले फूलही असेच अचानक मिटते, कारण काम झाल्यावर ते स्वतःच इथिलीन बनवते. सगळी फुले ताजी आणि एकच मिटलेले असेल तर त्याचा देठ फुगतोय का ते आठवड्याने पाहावे. भुंगा येऊन गेला असेल.

⁂

फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला थोडा गारवा लागतो, 25 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. नर्सरीत तो यंत्राने दिलेला असतो. आपल्याकडे तो नोव्हेंबरात आपसूक मिळतो. दांडा अर्धा वाढला आणि होळीनंतर तापमान चढले की झाड विचार बदलते: कळीच्या जागी पाने फुटतात, कीकी (दांड्यावरचे पिल्लू-रोप) होते, किंवा उरलेल्या कळ्या अर्धवट फुलतात. टोकाच्या एक-दोन फुलांना पाकळी कमी, दोन फुले जोडलेली, ओठ खुजा. तसेच लहान रोपाचे आयुष्यातले पहिले फूल. या दोन प्रसंगी कारण शोधत बसू नये. पुढचा बहर पाहावा. कारण नसते असे नाही, पण ते सापडून उपयोग नसतो.

⁂

"देवाला वाहिलं तर चालेल का?" असे एकीने विचारले. तीन ओठांचे फूल होते, फार देखणे. किडलेले फूल वाहत नाहीत, हे किडलेले नाही, असे मी म्हटले. ऑर्किडबद्दल शास्त्रात काही असेलसे वाटत नाही, असेही म्हटले. सासूबाईंनी परवानगी दिली नाही म्हणे.

⁂

तीन ओठांच्या फुलाला वनस्पतिशास्त्रज्ञ पेलोरिक म्हणतात. दोन्ही बाजूच्या पाकळ्या ओठासारख्या होतात, किंवा उलट, ओठच साधी पाकळी होतो. पाहण्याची खूण एकच: दोन्ही बाजूंचा बदल जुळा असतो आणि ओठावरचे ठिपके, पिवळा रंग, उंचवटे पाकळ्यांवर जसेच्या तसे उतरलेले असतात. इथे जखम नसते, चुरगळणे नसते.

1742 मध्ये स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर एका विद्यार्थ्याला लिनारियाचे असे विचित्र फूल मिळाले. एकाऐवजी पाच शेपट्या, चहूबाजूंनी सारखे. ते लिनियसकडे पोचले आणि तो अस्वस्थ झाला, कारण फुलाच्या रचनेवर जातींची वर्गवारी उभी करणाऱ्या माणसापुढे एका ओळखीच्या झाडाने आपली फुलेच बदलून दाखवली होती. 1744 मध्ये त्यावर प्रबंध निघाला. उलगडा व्हायला 1999 उजाडले: इंग्लंडमधल्या नॉरिच येथे एन्रिको कोएन आणि सहकाऱ्यांना दिसले की त्या झाडात जनुकाची अक्षरे बदललेलीच नाहीत. एका जनुकावर मिथाइलचे शिक्के बसून ते गप्प झाले आहे, आणि हे गप्प होणे पुढच्या पिढीतही जाते. कधी कधी त्याच झाडाच्या एखाद्या फांदीवर शिक्के कमी होऊन सरळ फुले येतात.

म्हणून 'पेलोरिक आहे, आता कायमचे' हे विधान मी करत नाही. दोन बहर पाहते. टोकाचे एकच फूल तसे असेल तर तीनसुद्धा.

⁂

फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी 1960 मध्ये सिम्बिडियमच्या वाढत्या अंकुराचे अगदी टोक कापून बाटलीत वाढवले. हेतू विषाणू घालवण्याचा होता. टोकाशी विषाणू सहसा पोचलेले नसतात. त्यातून एका झाडाची हजारो झाडे करता येतात हे लक्षात आले आणि ऑर्किड बंगल्यांमधून मॉलमध्ये आले. पण बाटलीतले तुकडे पुन्हा पुन्हा विभागत राहिले तर काही रोपे मूळ झाडाहून वेगळी निघतात, आणि सर्वात सहज दिसणारा वेगळेपणा फुलात. तेलताडाच्या ऊतिसंवर्धित रोपांतही फळे-फुले बिघडलेली झाडे निघत. 2015 मध्ये मलेशियातल्या संशोधनाने त्याचेही मूळ मिथाइलच्या शिक्क्यांत दाखवले.

म्हणजे मॉलमधल्या एकाच ट्रेमधून घेतलेल्या दोन झाडांपैकी एकाची फुले नेहमीच वाकडी असतील तर खत बदलून उपयोग नाही. दुकानदार ते बदलून देईल ही आशाही करू नये.

तैवानच्या उत्पादकांनी पाकळ्या ओठासारख्या होण्याचा हा दोष निवडून, संकर करून 'मोठ्या ओठांचे' फॅलेनॉप्सिस म्हणून विकायला काढला. जास्त भावाने. कॅटलिया इंटरमीडियाची अक्विनी नावाची जात ब्राझीलमधली: पाकळ्यांवर ओठाचा रंग सांडलेला. आजच्या शिंतोडे उडवल्यागत दिसणाऱ्या कितीतरी कॅटलियांची ती पूर्वज. मला स्वतःला ही फुले आवडत नाहीत. ऑर्किडच्या ओठाची ऐट तो एकटा असण्यात आहे.

⁂

विषाणू. यावर मी कडक आहे.

घरच्या ऑर्किडवर दोन नावे लक्षात ठेवावीत: सिम्बिडियम मोझॅइक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट. पाकळीवर रंग फाटतो, म्हणजे गडद रंगात फिकट पट्टे किंवा फिकटात गडद, वेडेवाकडे, आणि त्या जागी पाकळी खडबडीत, पातळ किंवा वळलेली. कॅटलियावर फूल उमलून काही दिवस झाल्यावर तपकिरी रेघा उमटतात. पानांवर खोलगट काळे चट्टे, वलये. कित्येकदा मात्र यातले काहीच दिसत नाही आणि झाड वर्षानुवर्षे रोग बाळगते.

औषध नाही. हे वाक्य लोकांना सांगितले की ते लगेच दुसऱ्याला विचारायला जातात, आणि दुसरा हळद सांगतो.

दोन्ही विषाणू उडत येत नाहीत; पसरवणारा किडा माहीत नाही. ते येतात कात्रीवरून, सुरीवरून, रसाळ हातांवरून, एकाची जुनी कुंडी दुसऱ्याला वापरल्यावरून. एका झाडाचा दांडा कापून तीच कात्री दुसऱ्याला लावली, झाले. कात्री गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत धरावी किंवा दाढीचे ब्लेड वापरून फेकावे: एका झाडाला एक. तंबाखू मळणाऱ्या माळ्याला दोष देण्याची पद्धत आहे. जुन्या पुस्तकांत रिंगस्पॉटला तंबाखूच्या विषाणूचा ऑर्किडवरचा अवतार म्हटले आहे, त्यातून ही समजूत आली. ते दोन वेगळे विषाणू आहेत. माळ्याने हात जरूर धुवावेत, पण आधी कात्री.

फसवणारी गोष्ट: हार्लेक्विन फॅलेनॉप्सिस. गोल्डन पीओकर नावाच्या संकरातून आलेली, पांढऱ्यावर जांभळे डाग, प्रत्येक फुलावर वेगळे. पहिल्यांदा बघणाऱ्याला विषाणूच वाटतो. इथे डागाखालची पाकळी हाताला गुळगुळीत, आकार नेमका. बोट फिरवून बघावे.

खात्री हवीच असेल तर पानाचा तुकडा चुरडून तपासायच्या पट्ट्या मिळतात. स्वस्त नाहीत. सगळ्या झाडांवर खर्च करू नये. संशयितावर करावा, आणि ज्याची वाटणी करून नातेवाइकांना द्यायची आहे त्यावर आवर्जून. पट्टीने होकार दिला तर झाड जाळावे. आईने दिलेले आहे, लग्नातले आहे, वगैरे मला सांगू नये. ठेवायचेच असेल तर वेगळ्या खिडकीत, वेगळ्या ब्लेडने, आणि त्याच्या कुंडीचे पाणी दुसऱ्या कुंडीत टपकणार नाही असे.

दिलासा एवढाच की हे विषाणू बियांतून सहसा जात नाहीत. बाटलीत बियांपासून केलेली रोपे घेतली तर सुरुवात तरी स्वच्छ होते.

⁂

कॅटासेटमवाल्यांसाठी. रॉबर्ट शोमबुर्कने ब्रिटिश गयानात 1830 च्या दशकात एकाच झाडावर तीन वेगवेगळ्या प्रजातींची म्हणून नोंदलेली फुले पाहिली: कॅटासेटम, मोनॅकँथस आणि मायँथस. लंडनमधल्या ऑर्किडतज्ज्ञांचे धाबे दणाणले. डार्विनने 1862 मध्ये उलगडा केला: एक नर, एक मादी, एक दोन्हींचे. एकाच झाडाची तिन्ही. विकृती कुठेच नव्हती.

आता घरी: कॅटासेटमला दरवर्षी नर फुले आली आणि यंदा अचानक जाड, हिरवट, टोपीच्या आकाराची, आकर्षण नसलेली फुले आली तर ती मादी. भरपूर ऊन मिळालेल्या जोमदार झाडाला ती येतात. अभिनंदन करावे. फोटो मात्र कुणी काढत नाही त्यांचा.

⁂

फवारणी करायचीच असेल तर कळ्या यायच्या आधी. तेलकट औषधे, साबणाचे पाणी, 'थोडे जास्त घातले' असे खत: कोवळ्या कळीवर यांचा थेंब सुकला की पाकळीवर डाग आणि वळ्या उमटतात, तेही थेंब लोंबकळला त्याच बाजूला, खाली. डाग फक्त खालच्या टोकांना असतील तर किडा शोधू नका, बाटली शोधा.

⁂

मिल्टोनियाची पाने घड्याघड्यांची झाली आणि फूलही सुरकुतले: पाणी कमी पडले होते, पान वाढत असताना. घड्या उलगडत नाहीत. पुढचे पान सरळ येते का तेवढे बघायचे.

⁂

कुंडीत खोचायच्या पट्टीवर फक्त नाव लिहू नये. दांडा दिसल्याची तारीख, दांड्यावरची कितवी कळी बिघडली, त्या दिवसांत कुंडी हलवली का, फवारणी केली का, एवढे लिहावे. पुढच्या वर्षी तेच फूल तसेच आले की पट्टी उलटून बघता येते. पेन्सिलने लिहावे. पेनची शाई एका उन्हाळ्यात उडते.